दचक्याच्या वाटीतलं पांढरं

दुम्यात
रविवार, २ मार्च १९९७

प्रिय इन्शिराह मावशी,

गेल्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. आधी ते दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं, ‘आई रिहामवहिनीच्या पाण्यात काहीतरी पांढरं टाकते.’ हे मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच : वीस फेब्रुवारीला पहाटे मी उठले तेव्हा आई बाल्कनीत होती आणि तिचा हात दचक्याच्या वाटीवर होता. नंतर ती वाटी मी धुतली, तर तळाशी कोरलेल्या कुराणाच्या अक्षरांत पांढरा गाळ अडकलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्या मी एका दोऱ्यात ओवल्या. हात काही टाकत होता की काढत होता, मला माहीत नाही. वहिनी त्याआधी येऊन गेली होती की नव्हती, हेही माहीत नाही.

छाती नाजूक म्हणून मला नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा आजोबांनी घरी शिकवलं. ते कोर्टात साक्षी उतरवून घ्यायचे. त्यांचा नियम तुला पाठ असेल. पाहिलेलं एका ओळीत, ऐकलेलं दुसऱ्या ओळीत, मनात आलेलं कागदाच्या मागच्या बाजूला. मी मागच्या बाजूचं पुढे लिहिलं. आईबद्दल लिहिलं, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

तरी संशय गेलेला नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते, तुला माहीत असलेलंही.

वहिनीचा पहिला मुलगा यासीन एकोणीस दिवस जगला. दूध पिताना त्याचे ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासूनच खोट होती. खोट कशाने आली ते ते म्हणाले नाहीत, म्हणून ते काम आमच्या गल्लीने केलं. कुणी म्हणालं, वहिनी पोटुशी असताना फार रडायची, आईचं दुःख बाळाच्या काळजात उतरलं. आई म्हणते, दचका बसला. आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत, सातवा महिना लागलाय, आणि घरात दुःखाला बंदी आहे. रेडिओवर उदास गाणं लागलं की आई बटण पिळते. शेजारच्या उम्म हसनने दारातून ‘बिचारी’ म्हटलं, तर आईने तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. ‘बिचारी तुझी सासू, जिला तू मिळालीस!’ वहिनीला कांदाही चिरू देत नाहीत, डोळ्यांत पाणी येईल म्हणून.

आणि बसलेला दचका उतरावा म्हणून रोज पहाटे दचक्याची वाटी. रात्रभर दवात ठेवलेलं पाणी वहिनीने एकटीने, कुणाशी बोलायच्या आधी प्यायचं, चाळीस दिवस. त्या वेळी बाल्कनीत कुणी जायचं नाही, हे आईनेच ठरवलंय. मग त्या पहाटे ती स्वतः तिथे काय करत होती?

दुसरं. दोन आठवडे झाले, वहिनीचा चहा आई मला करू देत नाही. परवा मी किटली उचलली, तर म्हणाली, “ठेव ती खाली. तुझ्या हाताला चव नाही.” बावीस वर्षं माझ्याच हातचा चहा पितेय ती!

वहिनी हसते. सकाळी दार उघडते तीच हसत. गेल्या शुक्रवारी आई बाहेर गेली होती, तेव्हा स्वयंपाकघराचं दार आतून बंद. मी ठोठावलं. वहिनीने बदकात भरायचे सगळे कांदे चिरून ढीग केला होता आणि डोळे गळत होते. “आईंना सांगू नकोस,” म्हणाली, “कांद्याचं आहे.” मी म्हटलं, “आता उन्हाळ्यात बाळ, मग रास-अल-बर्रच्या समुद्रावर जाऊ सगळे.” ती म्हणाली, “या वेळी मी त्याच्याबरोबरच जाईन.” अश्रफदादा गेल्या वर्षी एकटाच गेला होता, ते तिला लागलं असणार.

तू पाठवलेली कॅल्शियमची बाटली पोचली. नेहमीप्रमाणे तू पाठवलेल्या चहाच्या डब्यातून काढून मी वहिनीच्या हातात दिली. आधीची रिकामी बाटली या पत्राबरोबर परत पाठवते.

तुझी
इब्तिहाल

---

अलेक्झांड्रिया
शनिवार, ८ मार्च

(पहिलं पान. तहियाला वाचून दाखव.)

माझ्या लाडक्या बहिणी, माझं मांडीचं हाड जुळतंय, पण डॉक्टर अजून काठी सोडू देत नाहीत. तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात मी आयांना दटावलं, ‘हलू नका, बसून राहा.’ आता मला दटावतात. खिडकीतून समुद्र दिसतो, तोही माझ्यासारखाच कुरकुरतो. तुझी बदकं कशी आहेत? मोठं पांढरं माझ्यासाठी ठेव. सगळ्यांना सलाम, अश्रफच्या कपाळाचा मुका.

(दुसरं पान. हे तुझं.)

इब्तिहाल, दुरुस्ती केलीस हे बरं केलंस. आईवर आळ घेऊन झोप लागत नाही, मला ठाऊक आहे. तहिया हट्टी आहे, पण त्या पोरीच्या पाण्यात ती काही वाईट टाकणार नाही. त्या वाटीवर आमच्या आईचा एवढा विश्वास होता की मला गोवर झाला तेव्हाही तिने डॉक्टरआधी वाटीच पुढे केली होती. पाण्याने काही बिघडत नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांना हात लावू नकोस. पण मला एवढं कळव, रिहाम त्या घेते का? बाटलीत तीस होत्या. गुपचूप मोज.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एका ओळीवर तीनदा थांबले. ‘या वेळी मी त्याच्याबरोबरच जाईन.’ ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या? तू अश्रफ धरलास. तिने नाव घेतलं होतं का? तुझ्या आजोबांच्या भाषेत विचारते, हे तू ऐकलंस, की मनात आलं?

तिला एकटी सोडू नकोस. घाबरवत नाही, फक्त सांगतेय.

मावशी

---

दुम्यात
गुरुवार, १३ मार्च

मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा आई माझ्यासमोर बसून होती. पाकीट मी फोडलं आणि पहिलं पान वाचलं.

“संपलं?” ती म्हणाली.

“हो.”

“पानं दोन दिसतात, आणि मजकूर बदकापाशीच संपतो? तुझी मावशी आता कोरे कागद पाठवायला लागली?”

“मागचं पान डॉक्टरांच्या कागदावरचं आहे, हाडाचं.”

आईला वाचता येत नाही, पण तिने ते पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि माझ्याकडे बघत परत दिलं. मी खोटं बोलले, ते इथे नोंदवते.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

गोळ्या सतरा उरल्यात. दिवसाला एक धरली तर हिशेब बरोबर आहे. पण ती घेत नाही. हे मी पाहिलं. मंगळवारी पहाटे मी बाल्कनीच्या लाकडी झरोक्याआडून बघत होते. बघायचं नसतं, तरी बघितलं. वहिनीने गोळी वाटीत टाकली, बोटाने ढवळली, वाटीतली अक्षरं अंगठ्याने पुसल्यासारखी केली आणि सगळं पाणी सब्ज्याच्या कुंडीत ओतलं. एक थेंबही प्यायली नाही. मग कितीतरी वेळ त्या रोपाकडे बघत उभी होती. वाटीतलं पांढरं तेच. आईचा त्यात हात नव्हता, आणि मी तुझ्या मनातसुद्धा तिच्यावर काजळी लावली.

वाटीला चिकटलेला एक तुकडा मी कागदात घेतला आणि दुपारी मुनीर फार्मसीत नेला. बाटलीतली एक अख्खी गोळीही नेली. (तू हात लावू नकोस म्हणाली होतीस.) डॉक्टर मुनीर यांनी चष्मा वर केला.

“कुणाची?”

“शाळेतल्या एका बाईंची.” हे दुसरं खोटं.

“त्या बाईंना कुणी सांगितलं हे कॅल्शियम आहे म्हणून?”

मी कागद परत गुंडाळायला लागले.

“मनाच्या आजाराचं औषध आहे हे. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी ते बंद करू नये. सांगशील?”

मावशी, माझ्याच हातून तू हे पाठवलंस. गेल्या नोव्हेंबरपासून चार बाटल्या मी त्या घरात आणल्या, आणि तू मला सांगितलंस कॅल्शियम. रिकामी बाटली परत का मागायचीस, ते मला आता कळलं. मी आईवर संशय घेत होते. मग वहिनीवर घेतला. आता कुणावर घेऊ, तूच सांग. यासीनच्या वेळीही तू असंच काही पाठवत होतीस का? त्याच्या हृदयातली खोट त्यानेच आली का? हे मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला हवं होतं, पण मुद्दाम पुढे लिहितेय.

आणि ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या. बुधवारी विचारलं. वहिनी उशी झटकत होती.

“त्या दिवशी म्हणालीस, त्याच्याबरोबर जाईन. कुणाबरोबर?”

“अश्रफबरोबर. आणखी कुणाबरोबर जाणार मी?” ती हसली. तेच ते हसू.

उशीखालून एक टोपरं पडलं. पांढरं, निळ्या काठाचं. यासीनचं. ते तिने माझ्या आधी उचललं.

संध्याकाळी तिला वाटलं मी गच्चीवर आहे. ती पोटावर हात ठेवून बोलत होती. शब्द असे होते, मी लगेच लिहून ठेवले : “घाबरू नकोस. या वेळी एकट्याला नाही पाठवणार.”

मी दारात उभी होते. मी अश्रफदादा धरला होता. समुद्र धरला होता.

उत्तर लवकर दे. खरं दे.

इब्तिहाल

---

अलेक्झांड्रिया
सोमवार, १७ मार्च

(एकच मजकूर आहे. पहिलं पान नाही. काय करायचं ते तू ठरव.)

इब्तिहाल,

तुझं पत्र आलं तसा मी फोन केला. तहियाने उचलला. “रिहाम झोपलीय, छान आहे, खूप हसते.” तुझ्या घरचा फोन दिवाणखान्यात, तहियाच्या खुर्चीला टेकून. त्यावर कुणाला खरं बोलता येणार? म्हणून हे पत्र इथल्या ओळखीच्या एका मुलाबरोबर बसने पाठवतेय. तुझ्या हातातच देईल.

तू माझ्यावर चिडलीस, ते बरोबर आहे. ऐक.

रिहाम आमच्या खालच्या मजल्यावरची. एकोणीस वर्षांची असताना आजारी पडली. तीन आठवडे झोप नाही, नुसती बडबड, नुसती धावपळ. मग दोन महिने अंथरुणातून उठेना. डॉक्टरांनी गोळ्यांवर तिला उभं केलं आणि ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. पुढच्या वर्षी अश्रफ त्याने घडवलेलं माझं जेवणाचं टेबल घेऊन आला आणि जिन्यात तिला बघून टेबलाचा पायच विसरून गेला. तुझ्या आईने मला विचारलं, “मुलगी कशी?” मी म्हणाले, “सोनं.” खोटं नव्हतं. पण तिने जे विचारलं होतं, त्याचं ते उत्तर नव्हतं. मी ते गिळलं. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं आणि गल्लीने तिला वेडी म्हणून बाजूला ठेवलं असतं, असं मी मनाला समजावत राहिले. सात वर्षं.

यासीनच्या वेळी तिला दिवस गेलेत हे तिला दोन महिने कळलं नाही, आणि तेवढे दिवस ती जुन्या गोळ्या घेत होती. त्या गोळ्यांनी अशी खोट येण्याची शक्यता थोडी वाढते. थोडीच. ज्यांनी घेतल्या त्यांतल्या बहुतेकींची मुलं धडधाकट असतात. आणि ज्यांनी जन्मात गोळी पाहिली नाही त्यांच्याही शंभर मुलांमागे एखाद्याच्या हृदयात काही ना काही खोट निघते. मी तीस वर्षं ती मुलं हातात धरलीत. बऱ्याच वेळा कुणालाच सांगता येत नाही, कशाने. डॉक्टर हेही शोधताहेत की आईचा मनाचा आजार आणि बाळाचं हृदय यांचा काही संबंध असतो का. थोडा असू शकेल म्हणतात. पण त्यातून कुणी एका आईकडे बोट दाखवून ‘तुझ्या रडण्याने’ म्हणू शकत नाही. जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव.

एवढं मात्र नक्की ठाऊक आहे : बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडून होतं. त्यानंतरच्या किंकाळीने, कांद्याने किंवा दचक्याने त्यात भोक पडत नाही.

या वेळी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांनी जुन्या गोळ्या थांबवल्या. नवी, दुसरी गोळी चौथ्या महिन्यापासून, म्हणजे हृदय घडून झाल्यावर. ती मीच पाठवत होते. रिहामच म्हणाली होती, “त्या घरात औषधाचं नाव नको.” म्हणून कॅल्शियम. तुला अंधारात ठेवलं ही माझी चूक, तिची नाही. ती गोळी ओतून टाकतेय, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या बाटल्या रिकाम्या बघून मी निश्चिंत होत होते!

आता दोन कामं.

पहिलं. तिला सरळ विचार, ‘तुला मरावंसं वाटतं का?’ याच शब्दांत. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असलेलं बाहेर येतं. क्षणभरही एकटी ठेवू नकोस. कीटकनाशक, झोपेची औषधं, गच्चीची किल्ली, सगळं तुझ्याकडे घे. ती हो म्हणाली आणि तुला तिला सांभाळणं जमेना, तर दिवसाची वाट बघू नकोस. ज्या हॉस्पिटलचं दार जवळ असेल तिथे ने.

दुसरं. इथे पोटातल्या बाळाचं हृदय बघणारे डॉक्टर दर मंगळवारी बसतात. तिचे मनाचे डॉक्टर त्याच इमारतीत, एक मजला वर. मी दोघांशी बोललेय. खोट नसेल तर ती उरलेले दोन महिने श्वास तरी घेईल. असेल तर बाळंतपण इथेच, जिथे पहिल्या तासापासून इलाज होईल. यासीनला घेऊन तुम्ही निघालात ते अकराव्या दिवशी.

मला चालता आलं असतं तर मीच आले असते.

इन्शिराह

---

दुम्यात
शनिवार, २२ मार्च

मावशी,

हे पत्र त्याच मुलाबरोबर परत पाठवतेय.

तुझं पत्र तो मंगळवारी घेऊन आला. त्याच दुपारी वहिनीला विचारलं, तू लिहिलेस त्याच शब्दांत. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “रोज.” मग म्हणाली, “बाळ गेलं तर. ते राहिलं, तर माहीत नाही.” मी विचारलं, “गोळी का ओततेस?” म्हणाली, “त्या गोळीने यासीनला मारलं, ही का नाही मारणार? वाटीतली अक्षरं तिचं विष काढून घेतील म्हणून आधी त्यात टाकते. मग सब्ज्याला घालते, बघायला, मरतो का.”

“आणि?”

“फोफावलाय मेला,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी थांबवलं नाही. उगीच हसलोही आम्ही मध्येच एकदा. खरंच कुंडीबाहेर आलाय तो.

तुझ्या पत्रातला गोळ्यांचा भाग तिला वाचून दाखवला. जुनी कधी थांबली, नवी कधी सुरू झाली, तो भाग तिने दोनदा वाचायला लावला. तिने वचन दिलंय की मला उठवल्याशिवाय ती कुठे जाणार नाही. मी तिच्या दारात आडवी झोपते. गच्चीची किल्ली माझ्या गळ्यात आहे. नवी गोळी पुन्हा सुरू करायची का, हे मी डॉक्टर मुनीरांना विचारलं. मनाने ठरवू नका, मंगळवारपर्यंत थांबा आणि तिच्याच डॉक्टरांना विचारा, असं ते म्हणाले. या वेळी मी त्यांना शाळेतल्या बाई सांगितल्या नाहीत.

पण दारात झोपलेली मुलगी आईपासून लपेल कशी? गुरुवारी सकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावलं. पिठाच्या डब्यातून कागदाची एक पुडी काढून ओट्यावर ठेवली. आत वाळलेलं पांढरं.

“हे काय आहे, तू सांग,” आई म्हणाली. “महिना झाला, वाटीच्या तळातून काढून ठेवतेय. चहाच्या डब्यातून तू काहीतरी काढतेस आणि तिच्या हातात देतेस. मावशीच्या पत्राची अर्धी पानं खातेस. तिच्या चहापाशी घुटमळतेस. माझ्या पोटची पोर तू. एवढंच सांग, माझ्या नातवाने तुझं काय बिघडवलं?”

मावशी, वीस फेब्रुवारीचा तो हात काढत होता.

मी तिच्यावर संशय घेत होते, आणि ती माझ्यावर. एकाच वाटीवरून. चहा करू देत नव्हती तो त्यामुळे. मी आईला म्हटलं, “थोडं थांब, सांगते.” नंतर वहिनीकडे गेले आणि विचारलं, “आईला वाचून दाखवू का? सगळं? गुपित तुझं आहे.” ती टोपरं हातात फिरवत होती. “वाच,” म्हणाली, “माझ्यासमोर वाच.”

मी पहिल्यांदा एकही ओळ न गाळता वाचलं. ‘सोनं’ला आईने तुझ्या नावाने एक शब्द वापरला, तो लिहीत नाही, हाड जुळल्यावर समोरच ऐक. आजाराच्या भागाला ती वहिनीकडे न बघता ऐकत होती. मग ‘पहिल्या दोन महिन्यांत’ आलं. तिने हात वर केला.

“परत वाच.”

मी वाचलं.

“पाचव्या महिन्यात नाही?”

“नाही.”

“सलामाची बातमी आली ती पाचव्यात.”

तेव्हा मला आठवलं. सलामामामा गेला त्या दिवशी आईने फोनवर किंकाळी फोडली होती आणि वहिनी जिन्यात होती, हातातली भाजी खाली पडली होती. आई सगळ्या गल्लीला सांगत होती, दचका बसला. कुणाचा, ते कधी सांगितलं नाही. दीड वर्ष ती स्वतःलाच धरून बसली होती, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारीला वाटीचं वेड लागलंय.

ती उठली. कांद्यांची टोपली आणि पाट आणून वहिनीपुढे ठेवला, स्वतः शेजारी बसली. “चीर,” म्हणाली. “बदक रविवारचं आहे, पण चीर.” दोघींनी मिळून सगळी टोपली चिरली.

दादाला अलेक्झांड्रियाचं काल सांगितलं. तो कोरीव कामावरून उठलाही नाही.

“बाळ बाहेर यायच्या आधी त्याच्यात खोट शोधायची? लाकूड आहे का ते, गाठी बघायला? अशुभ तोंडातून काढू नकोस.”

मी काही बोलायच्या आत आई दारातून म्हणाली, “लाकूड घेताना तू तीन वेळा ठोकून बघतोस. वास घेऊन बघतोस. गाठ दिसली तर टाकून देतोस का? कुठून वळवायचं ते ठरवतोस. यासीनला कुणी ठोकून पाहिलं नाही, अश्रफ.”

त्याने रंधा खाली ठेवला. कपड्यांवरचा भुसा झटकला. मग मला विचारलं, “नक्की कशासाठी जाताय?”

वहिनीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आजाराचं ती त्याला स्वतः सांगेल, डॉक्टरांना भेटून आल्यावर. मला पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, “हृदय दाखवायला.”

कुणाचं, ते त्याने विचारलं नाही.

आई बरोबर येते आहे. वाटीही आणते आहे, रुमालात बांधून. मी नको म्हणाले, तर म्हणाली, “डॉक्टर डॉक्टरचं बघतील, मी माझं.” दचक्याचं पाणी वहिनी आता खरंच पिते, आईसमोर. आईने नियम बदललाय.

बाळाला काय निघेल, मला माहीत नाही. हे कागदाच्या मागच्या बाजूलासुद्धा लिहीत नाही. जे मी करणार आहे तेवढंच पुढे लिहिते. आम्ही तिघी, सकाळी सहाची बस, मंगळवार, २५ मार्च.

इब्तिहाल